नोकरी करणाऱ्याने माइक धरू नये म्हणे

गेले पंधरा दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चाललाय आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. माझा भाचा इंदूरला सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत आहे. शनिवारी संध्याकाळी तो विजयनगरच्या एका कॅफेत ओपन माइकला, म्हणजे हौशी लोकांसाठी खुल्या स्टेजवर, स्टँडअप कॉमेडी करायला उभा राहतो. ऑफिसातल्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ पाहिला, एचआरने बोलावून ‘जरा जपून’ असं सांगितलं आणि ते घरी कळलं. मग त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावोजींनी, ग्रुपवर लिहिलं, "नोकरी करणाऱ्याने माइक धरू नये. धरायचाच तर नोकरी सोडून धरावा, झाकीर खानसारखा. दोन डगरींवर पाय ठेवून कुणाचं भलं झालेलं नाही." (झाकीर म्हणजे इंदूरचाच नावाजलेला कॉमेडियन.) त्या मेसेजखाली अकरा अंगठे. त्यातले चार तर अशा लोकांचे, ज्यांनी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि जन्मभर नाटकं केली.

त्या चार अंगठ्यांचा मला राग आला, तो अजून उतरलेला नाही.

‘हौशी’ हा शब्द आपलाच ना? इंदूरच्या मराठी माणसाला तर तो कुणी शिकवायला नको. इंदूरचे रंगकर्मी बाबा डिके आणि त्यांची नाट्यभारती ही नाट्यसंस्था, ही नावं ऐकत आम्ही मोठे झालो. त्या काळात नाटकं कोण करत होतं? बँकेतले, वीज मंडळातले, शाळेतले, एलआयसीतले लोक. माझे वडील त्यांतलेच. आमच्या बाहेरच्या खोलीत तालीम चालायची. खुर्च्या भिंतीला लावायच्या, सतरंजी गुंडाळायची आणि जमिनीवर खडूने दार, खिडकी, जिना आखायचा. त्या खडूच्या जिन्यावरून माझे बाबा खरोखर पाय उचलून चढायचे. रात्री साडेअकराला सगळे पांगायचे, सकाळी दहाला बाबा टेबलावर. आई ओला पोतेरा फिरवून जिना पुसायची आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आखला जायचा. त्या माणसांना दोन डगरी कुणी दाखवल्या नाहीत. उलट गणपतीत त्यांना नारळ दिला.

मग भाच्याने असं काय वेगळं केलं? तो एकटा उभा राहतो, नेपथ्य नाही, लेखक तोच, नट तोच. मला विचाराल तर नाटकापेक्षा हे कठीण. नाटकात प्रेक्षक गप्प बसले तर ते रंगलेत असं समजायला जागा असते. इथे शांतता पसरली की तिचा एकच अर्थ.

मी हे ऐकीव सांगत नाही. नऊ वर्षं मी मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला राहते, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि गेली सहा वर्षं आठवड्यातून एक-दोन रात्री पाच मिनिटांसाठी स्टेजवर जाते. शिफ्ट साडेपाचला सुटते. १९२ नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसून कानात मागच्या वेळचं रेकॉर्डिंग ऐकायचं. कुठे हशा आला, कुठे उशिरा आला, कुठे आलाच नाही, ते वहीत लिहायचं. पबच्या वरच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी आपल्या नंबराची वाट पाहणारी. चार मिनिटं झाली की मागून दिवा दाखवतात. पैसे मिळत नाहीत. पैसे घेऊन स्टेजवर जायला माझ्या व्हिसावर मुभाही नव्हती, आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, हातात येईपर्यंत तो प्रश्न नव्हताच. शेवटची बस पकडून घरी, सकाळी आठला पुन्हा ॲप्रन.

माझ्याबरोबर त्या रांगेत एक बसचालक असतो, एक गणिताच्या शिक्षिका, एक प्लंबर. फ्रॉग अँड बकेट नावाच्या क्लबात सोमवारी ‘बीट द फ्रॉग’ असतं. तिथे प्रेक्षकांतल्या काहींच्या हातात कार्डं देतात, ती वर गेली की तुम्ही खाली, पाच मिनिटं टिकलात तर जिंकलात. प्लंबर तिथे दुसऱ्या मिनिटाला खाली आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचा तरी बॉयलर दुरुस्त करायला गेला. त्याला कुणी सांगितलं नाही की बाबा रे, आधी पाना खाली ठेव. मी माझ्या मॅनेजरला बाहेरच्या कामाचा फॉर्म भरून दिला. तिने सही केली आणि एवढंच म्हणाली की पेशंटचं काही स्टेजवर नको. ते मला मान्यच होतं. पुढच्या महिन्यात ती नवऱ्याला घेऊन ऐकायला आली.

हे मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा भावोजींचं उत्तर आलं, "तिकडचं तिकडे."

बरं, इकडचंच घेऊ. जॉनी वॉकर इंदूरचे. मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते आणि तिकिटं फाडता फाडता उतारूंना हसवत होते. पुढे सिनेमात गेल्यावर नोकरी सुटली हे मलाही ठाऊक आहे, पण विनोद त्यांना त्या नोकरीतच सापडला, सोडल्यावर नाही. मराठीत द. मा. मिरासदार कॉलेजात शिकवत आणि कथाकथनाने सभागृह हलवत. उज्जैनला तर १ एप्रिलला टेपा संमेलन भरतं, चांगली प्रतिष्ठित माणसं तिथे स्वतःची टवाळी करून घ्यायला जातात. माळव्याइतकं हसणं दुसऱ्या कुठल्या मातीत आहे?

झाकीर खानचं नाव आमच्याकडे सगळे घेतात, त्याचा आम्हा इंदूरकरांना अभिमानही आहे. पण त्याने २०१२ मध्ये टीव्हीवरची स्पर्धा जिंकली आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो हिंदीत उभा राहिला २०२५ मध्ये. मधली तेरा वर्षं कुणी मोजत नाही. आणि प्रत्येक गाणाऱ्याने भीमसेन जोशी व्हावं, नाहीतर गाऊच नये, असं आपण म्हणतो का? भाच्याचं घरभाडं त्याच्या हशावर अवलंबून नाही, म्हणून स्वस्तातला विनोद नाकारण्याची मोकळीक त्याला आहे. बायकोवरचा, जाड माणसावरचा, जातीवरचा विनोद तो करत नाही. पोटासाठी रोज माइक धरणाऱ्याला हे दर वेळी परवडत नाही. नोकरी हा त्याच्या कलेचा आधार आहे. भावोजींना मी हे तीनदा लिहिलं.

चौथ्यांदा लिहिणार तेवढ्यात ताईचा फोन आला. आवाज बारीक होता, बहुतेक गच्चीवर जाऊन बोलत होती. म्हणाली, "अगं, ह्यांना दोन डगरींचं काही पडलेलं नाही. ह्यांना एक तारीख आठवते."

मला लगेच कळलं. १ जानेवारी २०२१. इंदूरच्याच एका कॅफेत स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारूकीला अटक झाली होती. तक्रार होती आक्षेपार्ह विनोदांची. २८ जानेवारीला हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला. महिन्याहून जास्त तुरुंग. त्याच्याबरोबर पकडलेल्यांत इंदूरचेही तरुण होते, ज्यांची नावं आज कुणाच्या लक्षात नाहीत. ताई म्हणाली, "नावाजलेल्याला वकील मिळतो. आपल्या पोराची नोकरी जाईल, आणि मग हे कुणाकुणाकडे खेटे घालतील? तू येशील का तिकडून?"

मी काही बोलू शकले नाही. मी त्या रात्री काय करत होते? लॅबमध्ये कोविडचे नमुने लावत होते. बातमी फोनवर वाचली, चीड आली, आणि मी ती माझ्या वहीतसुद्धा लिहिली नाही. मँचेस्टरच्या स्टेजवर त्यावर एक वाक्य बोलायलाही मला काही अडकाठी नव्हती. पण ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड), व्हिसा, विमानतळ, आई, असं काय काय मनात येऊन गेलं. मी भावोजींना भित्रे म्हणत होते, आणि भीती माझ्याकडेही त्यांच्याइतकीच होती, नुसती चार हजार मैल लांब.

तरी मी माघार घेणार नाही. भीती वाटते म्हणावं, भावोजी. मी मान खाली घालून ऐकेन. भीतीला ‘कलेला पूर्ण वाहून घ्यावं लागतं’ असला भरजरी शेला पांघरू नका, कारण तो शेला माझ्या वडिलांच्या खडूच्या जिन्यावर पडतो.

आणखी एक सांगायचंय, ते ग्रुपवर लिहिता आलं नाही. इथे मला स्टेजवर बोलावताना निवेदक म्हणतो, ‘थेट भारतातून’. मी इथल्याच लेव्हनशूमवरून बसने आलेली असते. लोक टाळ्या वाजवतात आणि मी त्यांना अपेक्षित असलेला भारत देते, कारण पाच मिनिटांत दुसरा समजावून सांगता येत नाही. जिरावण, म्हणजे आमचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, काय असतं हे सांगण्यातच चाळीस सेकंद जातात. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, सांगायला तेवढीही पुरत नाहीत. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर मराठीतले, अर्धे मराठी अर्धे माळवी हिंदीतले तुकडे आहेत. साठ-सत्तर असतील. एकही कधी बोलून पाहिलेला नाही.

परवा रविवारी भाच्याला फोन केला. माझ्याकडे दुपार, त्याच्याकडे जेवणं झालेली. एक तुकडा वाचून दाखवला. राजवाड्याला जाणारा टेम्पो, आई मराठीत दोन रुपयांसाठी भांडतेय, टेम्पोवाला हिंदीत ऐकून घेतोय आणि शेवटी शुद्ध पुणेरी मराठीत म्हणतो, "काकू, मी सदाशिव पेठेतला, इथे दिलेले जावई आम्ही."

तो हसला. मोकळेपणी, पोट धरून. मग थांबून म्हणाला, "मावशी, पण टेम्पो? तसले टेम्पो मी पाहिलेसुद्धा नाहीत. माझ्या ऑफिससमोरून मेट्रो जाते."

"मग मेट्रोत घाल."

"मेट्रोत भाव कोण करणार?"

आम्ही पाऊण तास त्यावर बसलो. ई-रिक्षा करून पाहिली, जमलं. ‘काकू’च्या जागी त्याने ‘आंटी’ घातलं, मी ते खोडायला लावलं. तुझं नाव सांगू का म्हणून त्याने विचारलं. मी नको म्हटलं, मग पाच मिनिटांनी पुन्हा फोन करून सांग म्हटलं. शनिवारी त्याचा सातवा नंबर आहे. इथे तेव्हा दुपार असेल आणि माझी शिफ्ट आहे. फोन मी ॲप्रनच्या खिशात ठेवणार आहे.