तिनं काय केलं, हे बैठकीत विचारूच नका

गणपतीला मुंबईकर आले की वाडीत वर्षभर तुंबलेल्या तक्रारी बाहेर पडतात. बांधाची, पाणंदीची, देवळाच्या वर्गणीची, आणि सगळ्यात शेवटी, लोक उठायच्या बेतात असताना, कुणाच्या तरी सुनेला होणाऱ्या मारहाणीची. मी मानसशास्त्र शिकवते आणि कौटुंबिक हिंसा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून रत्नागिरीच्या आजूबाजूच्या वाड्यांत हल्ली मलाही अशा बैठकांना बोलावतात. बोलावतात हे चांगलंच आहे. पण तिथे जे चालतं ते मला अजिबात मान्य नाही.

सुरुवात जवळजवळ ठरलेली असते. "मारलान ते चुकलंच, पण तिनं काय केलान ते पण विचारा." मग निघतं: जेवण वेळेत नव्हतं, फोनवर बोलत होती, न सांगता माहेरी गेली, सासूला उलटून बोलली. थोड्याच वेळात मारणारा बाजूला राहतो आणि चौकशी तिचीच सुरू होते. शेवटी दोघांना समज देतात, देवापुढे नारळ ठेवतात, "आता नीट नांदा" म्हणतात. त्या रात्री ती त्याच घरात असते आणि बैठकीत काय काय बोलली याचा हिशोब तिला द्यावा लागतो.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांमध्ये समुपदेशनाचा चौदावा नियम आहे. मारणाऱ्याला आपल्या हिंसेचं समर्थन समुपदेशनात मांडता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी तो नियम बैठकीत वाचून दाखवते तेव्हा मंडळी चमकतात. "त्याची बाजू ऐकायचीच नाही?" ऐकायची ना. त्यानं काय केलं, किती वेळा केलं, मुलं कुठे होती, हे सगळं त्याच्या तोंडून ऐकायचं. कारण मात्र ऐकायचं नाही. ज्याला चारचौघांत कारण सांगायला मिळतं, तो पुढच्या वेळचं कारण तिथेच तयार करतो.

"त्याला राग आवरत नाही" हेही मला पटत नाही. बोटीवर तांडेल आईवरून शिवी देतो तेव्हा हाच खलाशी मान खाली घालून जाळं ओढतो. राग तिथेही येतो, पण तो आवरतो. घरी आवरत नाही, कारण तिथे आवरायची गरज आहे असं त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. दारूचंही तसंच. दारूनं धोका वाढतो, तिच्यावर वेगळे उपचार हवेतच, पण प्यायलेला माणूससुद्धा कुणावर हात टाकायचा हे बरोबर ओळखतो. जून-जुलैत मासेमारी बंद, हातात पैसा नाही, डोकं फिरतं, असं सांगतात. बंदी तिच्यासाठीही असते की!

अमेरिकेत डुलुथ नावाच्या शहरात १९८१ पासून मारणाऱ्या पुरुषांसोबत जे काम उभं राहिलं, त्याचा पाया हाच होता: मारहाण हा रागाचा झटका नसून ताबा ठेवायची रीत आहे. आपल्याकडे तर हात न उचलताही ताबा ठेवतात. मुंबईहून रोज रात्री व्हिडिओ कॉल करून घरभर कॅमेरा फिरवायला लावणारा, खर्चाचे पैसे भावाच्या हातात पाठवणारा नवरा वाडीत 'सज्जन' म्हणून ओळखला जातो. कायद्याच्या कलम ३ मध्ये मानसिक आणि आर्थिक छळ मारहाणीच्याच जोडीला लिहिलेले आहेत.

मारणाऱ्या पुरुषांना गटात बसवून केलेल्या अशा उपचारांनी पुरुष बदलतात का? २००४ मध्ये ज्युलिया बॅबकॉक या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परिणाम लहानच दिसला. हे मी लपवणार नाही. तरीही पुरुषांचे असे गट आपल्या जिल्ह्यात व्हावेत, असं मला वाटतं, शिक्षेच्या बदल्यात नव्हे तर कायद्याच्या धाकासोबत. आज समुपदेशनाला पाठवतात ते तिलाच. मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून पुरुषांशी आणि तरुण मुलांशी या विषयावर बोलते आहे, म्हणजे हे मराठीत जमतं. फक्त तो सुधारला की नाही हे त्याला विचारू नका. तिला विचारा, तो समोर नसताना, आणि पुढे कित्येक महिने विचारत राहा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यानं नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्या बहुतेक जणी कुणाकडे बोलतच नाहीत. बैठकीपर्यंत आलेली बाई किती उंबरठे ओलांडून आलेली असते, याचा विचार करा.

म्हणून यंदाच्या गणपतीत गावकीला माझी विनंती आहे. तिला आणि त्याला समोरासमोर बसवू नका. घर त्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम १७ नं तिला दिलाय, हे सर्वांसमोर मोठ्यानं सांगा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर देवळाच्या फलकावर लिहा. आणि तिला या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं असेल तर सोबत जाणारी एक बाई आत्ताच ठरवून ठेवा, दोघींचं गाडीभाडं वाडीच्या फंडातून द्या. बैठकीची तारीख मला कळवा, मी येईन.