महामार्ग परसात येतो तेव्हा

परसातून महामार्ग जाणार असे कानावर आले की आधी पेपर वाचायची सवय लावा. राशिभविष्य, निधनवार्ता, क्रिकेट, सगळे सोडा. बारीक टायपातली सरकारी अधिसूचना शोधा. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३अ खाली ती राजपत्रात येते आणि तिचा गोषवारा दोन स्थानिक पेपरांत छापतात. त्यातला एक स्थानिक भाषेतला असला की तुम्हाला कळले, असे कायदा धरून चालतो. हरकतीचे २१ दिवस मात्र राजपत्रापासून मोजायचे. राजपत्र तुमच्या घरी येतच असेल.

आमच्या घरी येत नाही, हा आमचाच गुन्हा. गोव्यातल्या आमच्या कुळागराचा, म्हणजे माड-पोफळीच्या बागेचा, सर्व्हे नंबर त्यात आहे हे चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो धाडला तेव्हा कळले. कचेरीत गेलो. बाईंनी तारखेवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाल्या, "मुदत संपली ना हो." मालकाच्या रकान्यात आजोबांचे नाव. आजोबा जाऊन एक पिढी झाली. तेव्हा दुसरा सल्ला: मरण्यापूर्वी सही करून ठेवा.

माड-पोफळी मोजायला माणूस येईल तेव्हा घरी राहा.

ग्रामसभेत ठराव जरूर घ्या, इतिवृत्तात छान दिसतो.

भरपाईचे नातेवाइकांना एवढ्यात सांगू नका. बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते म्हणे. बाजारभाव ठरवताना नोंदणी झालेली खरेदीखते बघतात, आणि आपल्याकडची खरेदीखते किती खरे बोलतात ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेच. त्यात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, झालेली नसेल आणि वाटणीचा वाद निघाला, तर प्रकरण दिवाणी न्यायालयात. चवथीला जेवायला सगळे वारस येतात, सहीला एकही नाही.

आता सगळ्यात मोलाचा सल्ला. पुढच्या जन्मी जमीनमालक होऊ नका, कंत्राटदार व्हा. हायब्रिड अ‍ॅन्युइटीचा रस्ता घ्या: खर्चाचे ४० टक्के सरकार बांधकाम चालू असतानाच देते, उरलेले हप्त्यांनी. कायदा बदलून खर्च वाढला तर भरून मिळण्याचे कलम करारात असते. करार मोडला तर काय द्यायचे तेही आधीच लिहिलेले. विमानतळ घ्यायचा असेल तर उत्तर गोव्यातल्या मोपाकडे बघा, ४० वर्षांचा करार. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या मार्चमध्ये पर्यावरण दाखला स्थगित केला, काम थांबले, २०२०च्या जानेवारीत स्थगिती उठली. कामाची मुदत वाढवून मिळाली. अहो, करार आहे, मिळायलाच हवी! आणि तुम्ही २२व्या दिवशी अर्ज घेऊन जा बघू.

भांडण झाले तर दोघांनाही लवादाकडे जावे लागते. कंत्राटदाराच्या करारात तीन लवादांची सोय असू शकते, एक तो निवडतो, एक सरकार निवडते, तिसरा हे दोन लवाद मिळून. पुष्कळदा त्यात निवृत्त न्यायमूर्ती असतात. तुमचा लवाद एकच, आणि तो केंद्र सरकारच नेमते. जमीन घेणारे केंद्र सरकार, दर ठरवणारा अधिकारी सरकारी, त्या दरावर निवाडा देणाराही बहुधा खुर्चीवरचा सरकारी अधिकारी. तुम्हाला कोणी विचारत नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्यातला भरपाईचा हिशेब महामार्गांना लागू केला, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास लागू नाही. गावाचे काय होईल ते कोणी मोजायचेच नाही! शेवटी ताबा ६० दिवसांत द्या, नाहीतर पोलीस आहेतच.

पुरे झाली थट्टा. रस्ता नको असे कोण म्हणतो? आम्हीही त्याच रस्त्याने फोंड्याहून पणजीला जातो, खड्डे आम्हीही मोजतो. पण सर्व्हे नंबरांसकट नकाशा पंचायतीच्या फलकावर लावायला काय लागते? चार खिळे. विजेचे बिल दर महिन्याला बरोबर दारात येते, आणि जमीन घ्यायची तेव्हा दार सापडत नाही? म्युटेशनचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलण्याचे, अर्ज वर्षानुवर्षे कपाटात कुजवणारे तुम्हीच, आणि "एक-चौदावर नाव का नाही चढवले" (एक-चौदा म्हणजे गोव्यातला जमिनीचा उतारा) असे आम्हाला दरडावणारेही तुम्हीच. लाज वाटायला हवी.

आणि ज्यांच्या परसात अजून खुणेचे दगड पडले नाहीत, त्यांनी जास्त खूश होऊ नये. फोंडा-पणजी रस्त्यावरच्या भोम गावची माणसे बगलमार्ग मागत उभी राहिली तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणारे आज मला फोन करून विचारतात, "चांगला वकील आहे का हो ओळखीत?" नाही. त्या लोकांनी शोधला तसा तुम्हीही शोधा.