हिप-हॉप नाचायचं नाही? काहून बाप्पा?

नाचाच्या संगीतावरच्या एका लेखात म्हटलंय की हिप-हॉप 'ऐकायचं' संगीत आहे, वेग कमी म्हणून त्यावर नाचता येत नाही; नाचायचं ते हाउस आणि टेक्नो, म्हणजे क्लबात वाजणारं इलेक्ट्रॉनिक संगीत. साफ नामंजूर. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या, त्या नाचणाऱ्यांसाठीच. पोरं गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्याची वाट बघत बसतात, हे त्याने हेरलं होतं. तो तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर चढवल्या. एक वाजतेय तोवर दुसरी मागे फिरवायची आणि तोच तुकडा हवा तेवढा ताणायचा. माइकवरचे शब्द सुरुवातीला गर्दीला चेतवण्यापुरतेच होते. १९८२ चं 'प्लॅनेट रॉक' हे हिप-हॉप गाणं तर क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची धून आणि ८०८ नावाच्या ड्रम मशीनवर उभं आहे, ते कुठल्या रकान्यात टाकणार?

पुढे बरंच रॅप शब्दप्रधान झालं, हे कबूल. पण वेगाचा तो मुद्दा काही पटला नाही. हाउस मिनिटाला १२०-१२५ ठोक्यांवर पळतं, हिप-हॉप बहुधा नव्वदच्या आसपास. आमच्या नागपुरात विसर्जनाला संदल, म्हणजे आमच्याकडचा ढोल-ताशांचा ताफा, वाजतं तेव्हा ठोके कोण मोजतं? फुटाळा तलावावर पोरं हिप-हॉपच्या तालावर ब्लूटूथ स्पीकर लावून फरशीवर डोकं टेकवून गरागरा फिरतात, तळहाताची सालं निघेस्तोवर. हाच नाच, म्हणजे ब्रेकिंग, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकलाही होता. लेखात त्याची एक ओळसुद्धा नाही!