नमुना बिघडवण्याचं प्रशिक्षण कसं द्यावं

सिस्टर मंडळींना लॅबचे नमुने घ्यायला शिकवण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अजिबात घाबरू नका. हॉलमध्ये ८० जणी बसवा, टेबलावर एक रबरी हात ठेवा आणि स्लाइड वाचत सुटा. कुणाच्याही हातात सुई द्यायची नाही, एवढं पथ्य पाळलंत की पुढचं सगळं वॉर्डात आपोआप होतं.

टूर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, मिनिटभरात सोडायचं, ही स्लाइड झरकन पुढे ढकला. मग शीर सापडेपर्यंत, ट्यूब सापडेपर्यंत पट्टा दंडाला आवळलेलाच राहील. स्पिरिट वाळण्याची वाट कशाला बघायची? सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढावा, तेच रक्त बारीक सुईतून ट्यूबमध्ये दाबून भरावं आणि खुळखुळ्यासारखं हलवावं. हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायला वेळ कुणाला आहे! तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, छान गुलाबी दिसतं.

पण खरी करामत जांभळ्या टोपणाच्या ट्यूबची. त्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं, बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात, आणि ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. म्हणून तर रक्त गोठत नाही. आता लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं, तर जांभळीतलं थोडं तिकडे ओता. रंग तर सारखाच! रिपोर्टात पोटॅशियम आभाळाला टेकेल, कॅल्शियम पाताळात जाईल, आणि पेशंट खाटेवर मांडी घालून पेपर वाचत असेल. ‘लॅबचं मशीन बिघडलंय’ हे वाक्य तोंडपाठ ठेवायला सांगा. आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची बाटली), मग निळ्या टोपणाची ट्यूब, मग लाल, आणि जांभळी त्यानंतर, हा क्रम कशासाठी आहे हे कुणी विचारलंच, तर ‘परीक्षेला येत नाही’ म्हणावं. कल्चर अँटिबायोटिकचा डोस देऊन झाल्यावर घेतलं, तर बाटलीत काही उगवण्याचीही कटकट कमी.

क्षयाच्या तपासणीला डबी हातात देऊन ‘थुंका’ एवढंच म्हणावं. खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका काढा, असं समजावत बसलं तर उगाच जंतू सापडतात. पातळ, फेसाळ लाळ पाठवली की निगेटिव्ह येण्याची शक्यता मस्त वाढते. पेशंट खोकत घरी जातो, घरचेही निर्धास्त.

साथीच्या दिवसांत फॉर्मकडे विशेष लक्ष द्या, म्हणजे तो रिकामा राहील. ‘ताप कधी आला’ ही चौकट तर मुळीच भरू नये. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस१ हे विषाणूचं प्रथिन शोधायचं असतं. शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या आयजीएम अँटिबॉडी त्यानंतर भरवशाने दिसतात. तारीखच नसली की दुसऱ्या दिवसाच्या रक्तात आयजीएम तपासलं जातं, ते निगेटिव्ह येतं आणि कागदोपत्री साथ ओसरते. एवढ्या स्वस्तात साथ आटोक्यात आणणारा दुसरा उपाय अजून निघालेला नाही.

लेबलं सकाळीच सगळ्या ट्यूबना चिकटवून ट्रेमध्ये रांगेत मांडावीत. खाटेजवळ नाव विचारून, रक्त घेऊन, तिथेच लेबल लावणं म्हणजे पेशंटवर अविश्वास! त्यातही नावाऐवजी खाटेचा नंबर लिहिला तर उत्तम. दुपारी खाटा बदलतात.

शेवटी पाठवणी. सीरम वेगळं न करता अख्खं रक्त डीप फ्रीजरमध्ये टाका. सकाळपर्यंत उरलेल्या पेशीही फुटतील. पाण्याचा नमुना असेल तर बाटलीत क्लोरीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट घालू नका. मग वाटेत क्लोरीन जंतू मारत राहील आणि विहीर घरबसल्या शुद्ध होईल.

प्रशिक्षणाची चाचणी मात्र कडक घ्या: आधीचेच प्रश्न, उत्तरं फळ्यावर. सगळ्या पास झाल्या की प्रमाणपत्रं वाटा. रबरी हाताचं प्लास्टिक काढू नका, पुढच्या तुकडीच्या फोटोला तो नवाकोरा दिसायला हवा.