आमच्या घरातला टीव्ही वर्षभर बंद होता

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. संध्याकाळी गुढी उतरवली, ह्यांनी टीव्हीची पिन काढली, सेट-टॉप बॉक्स पिशवीत घालून माळ्यावर टाकला. भिंतीवरच्या टीव्हीवर मी सासूबाईंचं जुनं लुगडं घातलं. पुढच्या पाडव्यापर्यंत टीव्ही लावायचा नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे ह्यांचं आणि माझं ठरलं. आईंना आम्ही विचारलंच नाही, आणि आज लिहायला बसलेय ते मुख्यतः त्यासाठी.

कारणं घरोघरी असतात तीच होती. धाकटा साडेतीन वर्षांचा, कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. डॉक्टरांनी वजन बघता बघता सहज विचारलं, दिवसात किती वेळ बघतो? मी एक तास म्हणाले. खरं तर चार तास होते. दोन ते चार वर्षांच्या मुलांना तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. मला ते माहीत होतं, म्हणूनच तर तोंडातून एक तास आलं.

पण मला खरी लागली ती थोरलीची गोष्ट. ती तेव्हा पाचवीत जाणार होती. एका संध्याकाळी शाळेतून रडवेली आली आणि काहीतरी सांगू लागली. मी मेथी निवडत मालिका बघत होते. म्हणाले, "थांब गं, जाहिरात लागू दे." जाहिरात लागली तेव्हा ती आतल्या खोलीत निघून गेली होती. काय झालं होतं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

आम्ही विट्याचे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आमच्यापासून लांब नाही. जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत बंदच राहतात. पाहुण्यांकडे गेलो असताना मी ते डोळ्यांनी पाहिलं. भोंगा झाला, घरातल्या मुलाने न सांगता वही काढली, वहिनी त्याच्याशेजारी कणीक मळत बसल्या. मला ते इतकं आवडलं की घरी येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नव्हता.

त्या गावाने एक गोष्ट आधी केली होती, ती मात्र आमच्याकडून सुटली. तिथे आधी बायकांची सभा झाली. मालिका बघणाऱ्या बायकांनाच विचारलं गेलं. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावलं. आम्ही नुसता भोंगा उचलून आणला.

पहिले पंधरा दिवस मुलांनी छळलं, ते मी लांबवून सांगत नाही. धाकटा दोन दिवस नीट जेवला नाही, तिसऱ्या दिवशी भूक लागल्यावर भाकरी-दूध कुस्करून खाल्लं. मुलं सवयीची असतात, लवकर वळतात.

आई मात्र गप्प झाल्या. जेवणं झाली की उठून पडायच्या. मला वाटलं, बरं नसेल. मग एके दिवशी पतसंस्थेतून लवकर घरी आले, तर दाराला कडी. आई शेजारच्या काकूंकडे टीव्हीसमोर, दाराशी पायपुसण्यावर बसलेल्या. परक्या घरात पंख्याखाली कसं जायचं म्हणून दाराशी. मला बघून चोरी सापडावी तशा उठल्या. ७१ वर्षांची बाई, जिने ह्यांना आणि दोन नणंदांना शेतात राबून वाढवलं. माझ्या पोटात कालवलं.

रात्री मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तुमास्नी हापिस हाय, पोरास्नी शाळा हाय. दिवसभर घरात बोलणारं त्येवढंच हुतं गं."

टीव्ही सोडला म्हणून कौतुक होतं ते आईबापांचं. किंमत मोजते घरातली म्हातारी. आपण दिवसभर बाहेर, संध्याकाळी हातात मोबाईल. ह्याला टीव्ही सोडणं म्हणायचं का? माझं स्पष्ट मत आहे की नाही म्हणायचं. एकाची सोबत काढून घेऊन दुसऱ्याने स्वतःची तशीच ठेवायची, हा अन्याय आहे, आणि तो आम्ही पाच-सहा आठवडे केला.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. आईंना रेडिओ आणला. सांगली आकाशवाणी आता सकाळपासून चालू असते. आणि सात ते साडेआठ दोघांचेही मोबाईल पिठाच्या डब्यावर. ह्यांना ते फार जड गेलं, दुकानाचे फोन असतात. तरी पाळलं. रोज नाही पाळता आलं, पण आठवड्यातले पाच दिवस नक्की. त्या दीड तासात आईंनी थोरलीला सागरगोटे शिकवले, मग मेंढीकोट. मेंढीकोटला चार जण लागतात, म्हणून आम्हा दोघांनाही बसावं लागलं. आईंना हुकूम कुणाकडे आहे ते न चुकता कळायचं. त्यांच्या माहेरची विहीर, बहात्तरच्या दुष्काळात फोडलेली खडी, हे सगळं मी लग्नाला तेरा वर्षं होऊन पहिल्यांदा पत्ते वाटता वाटता ऐकलं.

२९ जूनला टी-२०ची फायनल होती. बाहेर बघायला आमच्यात बंदी नव्हती, म्हणून सगळे दिरांकडे गेलो. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा आई उभ्या राहून ओरडत होत्या. टीव्ही वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

३० मार्च २०२५ला पाडवा आला. ह्या वेळी आधी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दुपारी मला एकटीला करमत नाही, तेवढा लावा. टीव्ही आता त्यांच्या खोलीत आहे, दुपारी चालतो. सातला त्या स्वतः बंद करतात आणि पत्ते घेऊन बाहेर येतात.

आमच्या गल्लीत सात ते साडेआठ सगळ्यांनी मिळून बंद ठेवावं असं माझ्या मनात आहे. विट्यातल्या कुणाला आपल्या गल्लीत करून बघायचं असेल तर कळवा. मी येते, आईंनाही घेऊन येते. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलू.