करपट वासावर सुगंध मारू नका

पातेलं करपलं की बहुतेकांचा पहिला हात जातो तो रूम फ्रेशनरकडे. मला हे अजिबात पटत नाही. त्याने करपट वास जात नाही, त्यात गोडसर वास मिसळून तिसराच काहीतरी तयार होतो आणि तो जास्त डोकं उठवतो. शिवाय त्या फवाऱ्यातलीही रसायनं आपण श्वासात घेतो, ते वेगळंच.

धूर दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नाही. त्यातले तेलकट, अतिसूक्ष्म कण भिंतींवर, कपाटांच्या माथ्यावर बसतात, पडद्यांत आणि गादीत मुरतात. खोली तापली किंवा हवा दमट झाली की तिथूनच वास पुन्हा सुटतो. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यावर वरच्या बाजूने बोट फिरवून बघा. पिवळट, चिकट थर हाताला लागेल. वास धरून ठेवतो तो हाच, आणि तो पुसल्याशिवाय सुटका नाही.

म्हणून आधी करपलेलं भांडं घराबाहेर काढा, झोपायच्या खोल्यांची दारं लावून घ्या आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडा. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीबाहेर करा, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाईल. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि फडकं. भिंत धुण्यासारखी असेल तर खालून वर पुसत जा. वरून सुरुवात केली तर कोरड्या भिंतीवर मळक्या पाण्याचे ओघळ उमटतात आणि ते निघता निघत नाहीत. पडदे, अभ्रे सरळ धुवायला टाका. चिमणीची जाळी विसरू नका.

वाटीत सोडा किंवा व्हिनेगर ठेवल्याने थोडा फरक पडतो, पण भिंतीवरचा थर त्याने हलत नाही. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

वास गेला की नाही हे घरात बसून ठरवू नका, नाक सरावतं. जरा बाहेर फिरून या, मग कळेल.

आणि काहीच करपलेलं नसताना जळका, प्लॅस्टिकसारखा वास आला, तर तो वायरिंगचा किंवा प्लगचा असू शकतो. अशा वेळी स्प्रे मारणं म्हणजे धोक्याची सूचनाच दाबून टाकणं. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय चालू करू नका. धूर किंवा ठिणग्या दिसल्या तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा.