‘माळ्यावरची बार्बी विका, लखपती व्हा’ : हा फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी जरा थांबा

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, वाशीच्या मावशीच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या ग्रुपवर, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: लहानपणीची बार्बी शोधा, पाठीवर १९६६ लिहिलं असेल तर ती तेव्हाची आहे आणि तिचे ५ ते ८ लाख येतात, अमेरिकेत एक बार्बी अडीच कोटीला गेली, जुनी बाहुली म्हणजे सोनं, आत्ता नेटवर बघा काय भाव चाललेत, बाहुली छान धुवून केस विंचरून फोटो पाठवा, आणि ४९९ रुपयांत घरबसल्या व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मिळवा. खाली नमस्काराचे हात आणि “सर्वांना कळवा”.

आता हे इथेच इतकं का चालतंय ते उघड आहे. नौपाडा, पाचपाखाडीत बिल्डिंगमागून बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, भाड्याच्या घरात शिफ्ट व्हायचं म्हणून माळे रिकामे होतायत, आणि भातुकलीच्या डब्याखालून एकेक बाहुली बाहेर निघतेय. मला जुन्या बाहुल्यांचा नाद आहे हे माहीत असल्यामुळे लोक फोटो मलाही पाठवतात, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी गंमत त्या १९६६ ची. बार्बीच्या पाठीवरचं साल हे ती बाहुली बनल्याचं साल नसतं हो, ते त्या बॉडीच्या साच्याच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं साल असतं. कंबरेत वळणारी बॉडी १९६७ ला बाजारात आली, तिच्यावर १९६६ हा शिक्का होता, आणि बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने तो तसाच पुढे कितीतरी वर्षं, अगदी नव्वदच्या दशकापर्यंत वापरला. शेजारच्या वहिनींनी परवा अशीच एक आणून दिली, गुलाबी फ्रॉक, एक बूट गायब. ट्यूबखाली धरून मानेवरचे केस वर केले तर डोक्यावर १९७६! म्हणजे पाठीवर १९६६, डोक्यावर १९७६, आणि वहिनींच्या बाबांनी ती घेतलेली १९९१ च्या वाढदिवसाला. यात खोटं काहीच नाही, धड आणि डोकं वेगवेगळ्या साच्यांचं, साल त्या त्या साच्याचं. उलट अगदी पहिली बार्बी, जी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली आणि ३ डॉलरला मिळायची, तिच्या कुल्ल्यावर साल आहे १९५८ आणि तेही रोमन आकड्यांत. आणि तो शिक्काही पुढच्या काही वर्षांच्या बाहुल्यांवर आहेच, म्हणून नुसत्या त्याच्यावरही भागत नाही. पहिलीची खूण पायात आहे: तळव्याला भोकं आणि त्यात तांब्याच्या नळ्या, स्टँडवर उभी करायला. ती चांगल्या अवस्थेत असेल तर हजारो डॉलर येतात, खरंय, पण ती तुमच्या माळ्यावर नाही असं मी डोळे मिटून सांगते.

साल बघण्यापेक्षा देश बघा. शिक्क्यात जपान असेल तर बाहुली खरंच जुनी, नीट चौकशी करा. मलेशिया, चायना, इंडोनेशिया असेल तर नंतरची. आणि आपल्याकडे ८०-९० च्या दशकात वाढलेल्यांच्या घरात बहुतेक वेळा इंडिया लिहिलेलीच निघेल, लिओ मॅटेल या कंपनीची, भारतात बनलेली. यातल्या साडीतल्या, डबाबंद (म्हणजे डबा कधी न उघडलेल्या) राहिलेल्या बाहुल्या परदेशातले संग्राहक मागतात, पण डबाबंद हा शब्द इथे महत्त्वाचा. आपण तिला साडी नेसवून सोडवून, बॉलपेनने टिकली लावून, केस कापून ठेवलेत (वाढतील म्हणून!), तिला लाख कोण देणार.

अडीच कोटीची बार्बी. हो, गेली होती. २०१० साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात ३,०२,५०० डॉलरला. पण ती कुणाच्या लहानपणीची नव्हती, नवी कोरी होती, स्टेफानो कांतुरी नावाच्या दागिने डिझायनरने केलेली, गळ्यात गुलाबी हिऱ्याचा खराखुरा नेकलेस, आणि पैसे ब्रेस्ट कॅन्सरच्या कामासाठी जाणार होते. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने ते दीड कोटीच्याही आत होते, अडीच कोटी हा आजच्या भावाने फुगवलेला आकडा. हिरा काढा आणि मग सांगा बाहुलीचे किती.

“जुनी म्हणजे सोनं” हे तर साफ चूक. जर्मनीत आर्मान्ड मार्सेय नावाची कंपनी चिनीमातीच्या डोक्याच्या बाहुल्या करायची, त्यातला ३९० नंबरचा साचा शंभर वर्षांहून जुना, आणि तरी संग्राहकांच्या जगात ती साधीच बाहुली समजतात, कारण ती प्रचंड संख्येने बनली. बरं, उद्या अशी खरंच शंभरी पार केलेली बाहुली सापडलीच तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचा, शंभर वर्षांवरच्या कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नव्या बाहुल्यांचंही तेच, भरपूर बनली की भाव नाही. डब्यावर कलेक्टर एडिशन लिहिलं की लोक हुरळतात, पण १९८८ ची पहिली हॉलिडे बार्बी (नाताळसाठी खास काढलेली) गाजली म्हटल्यावर पुढची वर्षं कंपनीने ती ढिगाने काढली, सगळ्यांनी न उघडता जपून ठेवली, मग भाव कसा येईल, सगळ्यांकडेच आहे की!

नेटवरचा भाव म्हणजे मागितलेला भाव. मी पण माझ्या जुन्या मिक्सरला दोन लाख लावू शकते, लावायला काय जातंय. ईबे या नव्या-जुन्या वस्तू विकायच्या वेबसाइटवर सर्चमध्ये सोल्ड आयटम्सचा फिल्टर असतो, तो लावला की साधारण गेल्या तीन महिन्यांत खरंच विकल्या गेलेल्या दिसतात. तिथे आपल्यासारखीच शोधायची: तोच चेहरा, तेच कपडे, तेवढीच घासलेली, डबा नाही तर डबा नसलेली. मेसेजमध्ये लाखांत सांगितलेली बाहुली तिथे कित्येकदा जेवणाच्या बिलाएवढ्याला गेलेली दिसते, आणि त्यातून इथून अमेरिकेला पार्सलचा खर्च वजा करा. ईबेची भारतातली साइट २०१८ लाच बंद झाली, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक बाहेरचंच.

धुण्याचा सल्ला मात्र मला सगळ्यात जास्त खटकला, कारण बाकीच्याने पैसे मिळत नाहीत, याने असलेली बाहुली जाते. पाणी डोक्यात आणि सांध्यांत शिरतं, डोळे मिटणारी बाहुली असेल तर आतला लोखंडी भाग गंजतो. कंपनीने बसवलेली केसांची ठेवण एकदा कंगवा फिरला की गेली. पेनचे डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, ओठ-भुवयांचा रंग निघून येतो आणि प्लास्टिकही खातं. कानाभोवती हिरवट डाग दिसला तर तो मळ नाही, कानातल्याच्या धातूने व्हिनाइलमध्ये, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लास्टिकमध्ये, उतरलेला असतो, घासून जात नाही, त्याने किंमत खाली येते हे खरं पण घासून आणखी खाली आणू नका. पाय चिकट लागत असतील तर प्लास्टिक मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य बाहेर येतंय, आपल्या दमट हवेत हे व्हायचंच. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, केसांचा रबरबँड विरघळून चिकटला नसेल तर हळूच सोडवा, प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, माळ्यावर परत नको, पत्र्याखालची उन्हाळ्यातली गरमी तिला सोसत नाही.

राहिलं ते ४९९ चं सर्टिफिकेट. फोटो बघून कुणी अनोळखी माणूस आधी पैसे घेऊन कागद देतो, त्या कागदाला कुठलाही खरेदीदार विचारत नाही. मग पुढे गिऱ्हाईक मिळालंय म्हणून कमिशन भरा, टॅक्स भरा. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या नावाखाली हेच चाललं होतं, रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी मागायचे, शेवटी बँकेला २०२१ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की आम्ही असलं काही करत नाही. नोटा गेल्या, बाहुल्या आल्या.

ज्या काकूंनी कालच पैसे पाठवलेत आणि ओटीपीही सांगितलाय त्यांनी माझ्याशी वाद घालत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा आणि बँकेला कळवा. बाहुलीचं उद्या बघू.